दोरीवरचा तपकिरी थर

प्रश्न : मी अमेरिकेत, मेनच्या किनाऱ्यावरच्या एका केल्प हॅचरीत, म्हणजे केल्प या मोठ्या तपकिरी समुद्रशैवालाची रोपं टाकीत दोरीवर तयार करतात तिथे, काम करतो. शुगर केल्पच्या दोरीवर तिसऱ्या आठवड्यात तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. रोपं कुठे दाट, तर कुठे वीतभर दोरी कोरीच. वाढीला जोर यावा म्हणून दिवे चोवीस तास लावले, तरी फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर : तो थर डायटमचा, म्हणजे सिलिकाचं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाचा आहे आणि बहुधा पहिल्याच दिवशी बीजाणूंसाठी आणलेल्या केल्पच्या पानाबरोबर टाकीत शिरला आहे. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात दोरी धुऊन फारसं साधत नाही, उलट कोवळी रोपं सुटून येतात.

सुरुवात पानापासून करा. पानाच्या मधोमध जो गडद, किंचित उठावाचा पट्टा दिसतो, तो सोरस. बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवा केल्प वाढतो ते सूक्ष्म कण, त्यातच असतात. तेवढाच भाग कापून घ्या. कडा आणि शंख-किड्यांनी खाल्लेले तुकडे निर्दयपणे टाकून द्या. पृष्ठभाग ब्लेडच्या बोथट बाजूने हलकेच खरवडा, सौम्य पोव्हिडोन-आयोडीनमध्ये अर्धा मिनिट बुडवा आणि निर्जंतुक समुद्रपाण्याने दोन-तीनदा धुवा. मग टिपकागदात गुंडाळून रात्रभर १० अंश सेल्सियसच्या आसपास अंधारात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाच्या पाण्यात सोडले, की सुकत आलेले तुकडे तासाभरात बीजाणू सोडतात आणि पाणी फिकट चहासारखं दिसू लागतं. तुकडे तेव्हाच काढा. जास्त वेळ ठेवले तर चिकट स्राव पाण्यात उतरतो आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं.

पाणी बारीक जाळीतून गाळा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीच्या काचेवर बीजाणू मोजा. ही पायरी अंदाजावर सोडू नका, तुमच्या कोऱ्या दोरीचं एक कारण बहुधा इथेच आहे. दोरीच्या टाकीतल्या पाण्यात मिलिलिटरला ५,००० ते १०,००० ठेवा. बीजाणूंपासून आधी सूक्ष्म नर आणि मादी धागे वाढतात. मादीचं अंडं गंधद्रव्य सोडून शुक्राणूंना बोलावतं, पण नर लांब असेल तर अंडं तसंच राहतं. फार दाट टाकलं, तर रोपं एकमेकांची वाढ खुंटवतात.

दुसरं कारण दिवे. केल्पची अंडी अंधार पडल्यावर बाहेर येतात. चोवीस तास उजेड ठेवून तुम्ही ती वेळच काढून घेतलीत, आणि डायटमला मात्र मेजवानी दिलीत. १२ तास उजेड, १२ तास अंधार ठेवा. पहिल्या आठवड्यात प्रकाश (प्रकाशमापकावर) २० मायक्रोमोलच्या आसपास, पुढे ५० ते ६०. तापमान १० अंश. दर आठवड्याला पाणी बदला आणि त्यात एफ/२ हे शैवाल वाढवण्यासाठीचं तयार पोषकद्रव्य घाला. त्यातलं लोह प्रजननाला लागतं.

जर्मेनियम डायऑक्साइडने डायटमचं सिलिकाचं कवच तयार होत नाही, म्हणून ते सुरुवातीला अगदी थोडं घालतात. जास्त झालं तर केल्पही दुखावतो. स्वच्छतेतली कसर त्याने भरून निघणार नाही.

आणखी एक : नवी दोरी पाइपवर गुंडाळण्याआधी भिजवून, पाणी बदलत धुतलीत का? कारखान्यातलं तेल राहिलं, तर बीजाणू चिकटत नाहीत.

प्रश्न : दर हंगामात सोरस शोधत फिरण्याऐवजी बी साठवता येतं का?

उत्तर : येतं. नर आणि मादी धागे वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये, थंडाव्यात आणि मंद लाल प्रकाशात ठेवा. निळा प्रकाश नसला, की ते प्रजननाकडे न वळता नुसते वाढत राहतात, अगदी वर्षानुवर्षं. हवे तेव्हा एकत्र करून बारीक करा, पांढऱ्या प्रकाशात आणा आणि दोरीवर फवारा. प्रत्येक फ्लास्कवर पान कुठलं, कधी आणलं हे लिहायला विसरू नका, नाहीतर दोन वर्षांनी एकाच मायबापाची रोपं समुद्रात जातील.

प्रश्न : रत्नागिरीत केल्पची हॅचरी काढावी का?

उत्तर : नको. हॅचरी चिलर लावून थंड ठेवता येईल, पण पुढे रोपं समुद्रातच लावायची असतात आणि आपलं पाणी २५ अंशांच्या वर असतं. तमिळनाडूत लावतात ते कप्पाफायकस हे समुद्रशैवाल उष्ण पाण्यातलं आहे. त्याचे तुकडे दोरीला बांधले की वाढतात, बीजाणूंची हॅचरी लागतच नाही. चौकशी त्याची करा. मात्र पावसाळ्यात तुमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याचा खारटपणा किती उतरतो, ते आधी मोजून घ्या.