खासगी ईएनटीच्या रिपोर्टवर वडिलांना डिसॅबिलिटी पेन्शन मिळेल का?

तुम्ही विचारलंय : वडील 2012 ला तोफखान्यातून रिटायर झाले, आता ऐकू येत नाही, खासगी डॉक्टरांचा रिपोर्ट चालेल का? नुसत्या त्याच्यावर नाही चालणार. कान गेलेत हे तो डॉक्टर सांगेल. ते नोकरीमुळे गेले, हे नोकरीतल्या कागदानंच बोलायला हवं.

मीही गनर, तोफखान्यातलाच. 2003 ला राजस्थानातल्या महाजन रेंजवर बोफोर्स तोफांचं फायरिंग होतं. कानात कापूस, तोही घामानं ओला. रात्री उजव्या कानात शिट्टी सुरू झाली, ती आजही थांबलेली नाही. एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात निघालो तर आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर हवालदारी विसर. जवान माणूस कानासाठी रडतो का?" मी तरीही गेलो. नर्सिंग असिस्टंटनं थेंब दिले आणि वीतभर चिठ्ठीवर लिहिलं : उजवा कान, तीन दिवस फायरिंग नाही. ती चिठ्ठी बायकोनं ट्रंकेत लग्नाच्या साडीखाली ठेवली.

रिटायर होताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डानं अपंगत्व 20 टक्के धरलं आणि पुढे लिहिलं, 'सेवेशी संबंध नाही'. कारण एका ओळीचंही नाही. अपील फेटाळलं गेलं. मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात गेलो. वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल दाखवला : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच आला असं धरायचं, आणि नाही म्हणायचं तर बोर्डानं कारण द्यायचं. सोबत ती चिठ्ठी. पेन्शन लागली, 2014 च्या राम अवतार निकालानं 20 चे 50 टक्केही झाले.

ते सुभेदार साहेब आमच्याच गावचे. पारावर अजून म्हणतात, "पेन्शन मिळते ना, मग हे भिकेचे डोहाळे कशाला?" साहेब, हक्काच्या पैशाला भीक म्हणू नका. तुम्हाला नातीची हाक ऐकू येत नाही, मी रोज बघतो. तुमच्या धाकानं आपल्या बॅटरीतली, तोफांच्या तुकडीतली, किती पोरं सिक रिपोर्टला गेलीच नाहीत! त्यांच्याकडे आज दाखवायला चिठोरंही नाही.

तेव्हा रेकॉर्ड ऑफिसला वडिलांच्या सहीनं माहिती अधिकाराचा अर्ज टाका. भरतीची मेडिकल आणि रिलीज बोर्डाचा फॉर्म 16 (इन्कम टॅक्सचा नव्हे, मेडिकलचा), दोन्हीच्या प्रती मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत करतात. बोर्डानं तेव्हा कान ठीक लिहिले असतील तर काम अवघड आहे, खोटी आशा देत नाही. आणि 21 सप्टेंबर 2023 पासून डिसॅबिलिटी पेन्शनचे नियम बदललेत, त्यानंतर रिटायर झालेल्यांनी माझ्या केसवर विसंबू नये.

आज संध्याकाळी वडिलांजवळ बसा. कुठल्या साली, कुठल्या रेंजवर, गनवर सोबत कोण होतं, सगळं लिहून घ्या. ज्या कानानं थोडं तरी ऐकू येतं, त्या बाजूनं बोला. माझा उजवा आधी गेला.