पॉलिसीआधी पीपीओ उघडून बघा

सांगलीहून एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्याचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ६६, पत्नीचं ६१. मुलगा ३१ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. थोरली मुलगी लग्न होऊन पुण्यात. विचारलंय एवढंच, की एजंटने ‘विशेष मुलांसाठी’ म्हणून सुचवलेली पॉलिसी घ्यावी का? वर्षाला २ लाख, १० वर्षं, वर ८०डीडीची (अपंग आश्रितासाठीची) करसवलत. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय: “३० लाखांच्या ठेवी मुलाच्या नावावर केल्यात, भाड्याने दिलेला फ्लॅटही पुढच्या महिन्यात बक्षीसपत्राने त्याच्या नावे करतोय. बाकी मुलगी बघेलच.”

पॉलिसी घेऊ नका. २० लाख भरून ५ टक्क्यांच्या आसपास परतावा धरला तर तुमच्या ७६व्या वर्षी २६ लाख होतील. हेच २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१,००० देतात. आणि करसवलत कसली? तुमचं पेन्शन वर्षाला पावणेसहा लाख, भाडं दीड लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, आणि ८०डीडी तिथे लागूच नाही. जो कर तुम्हाला भरायचाच नाही, तो वाचवायला हा माणूस तुम्हाला दहा वर्षं बांधून घालतोय.

आता न विचारलेलं. ते बक्षीसपत्र थांबवा.

तुम्ही केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी आहात. तुमच्या आणि पत्नीच्या पश्चात, स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळतं. तुमचा शेवटचा पगार ६०,०००, त्याचे ३० टक्के म्हणजे १८,०००. महागाई भत्ता धरून आज सुमारे २८,०००. व्याजावर एवढी रक्कम काढायची तर ७ टक्क्यांनी ४८ लाख लागतील, आणि ते व्याज महागाईबरोबर वाढणार नाही. पेन्शन वाढतं. पण अट आहे: मुलाचं इतर उत्पन्न या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी हवं. २०२१मध्ये ही मर्यादा सैल झाली, उठली नाही. आता हिशोब बघा. ३० लाखांचं व्याज महिना १७,५००, फ्लॅटचं भाडं १२,०००. झाले २९,५००. मुलाला सुरक्षित करायला निघालात आणि त्याचं पेन्शनच घालवून बसणार होतात. (राज्य सरकारच्या निवृत्तांनी हे आकडे उचलू नयेत, त्यांचे नियम वेगळे आहेत.)

ठेवी मात्र आता त्याच्याच आहेत, त्या सहज परत येणार नाहीत. त्यात भर घालू नका. त्याच्या कार्यशाळेची फी, औषधं, कपडे, सगळं त्या व्याजातून करा. तुमची बचत तुमच्या दोघांच्या नावावर राहू द्या.

पीपीओ, म्हणजे तुमच्या पेन्शनचा आदेश, काढा आणि मुलाचं नाव त्यात आहे का ते बघा. नसेल तर तुम्ही हयात असतानाच अपंगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं राष्ट्रीय ओळखपत्र) आणि तो उपजीविका करू शकत नाही असा वैद्यकीय दाखला जोडून कार्यालयाकडे अर्ज करा. हे राहिलं की पुढे सगळे कागद गोळा करत मुलीला फिरावं लागतं.

दुसरं, १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ठेव मोडायची वेळ आली आणि बँकेने मुलाची सही नाकारली तर तुमच्या हातात काही नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, म्हणून ठेवींच्या खर्चाच्या पावत्या आत्तापासून जपा. राष्ट्रीय न्यासाची निरामया आरोग्य विमा योजनाही घ्या: १ लाखापर्यंतचं संरक्षण, वैद्यकीय तपासणी नाही, वार्षिक शुल्क काही शेकड्यांत.

फ्लॅट मृत्युपत्राने मुलासाठी केलेल्या खासगी न्यासाकडे (ट्रस्टकडे) जाऊ द्या. विश्वस्त किमान दोन, एकटी मुलगी नको. गरजेप्रमाणे खर्च करायची मुभा त्यांना ठेवा, आणि पैसे शक्यतो थेट संस्थेला, औषधाच्या दुकानाला जावेत. मुलाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकायची असं लिहू नका, ती त्याचं उत्पन्न धरली जाऊन पेन्शन अडचणीत येऊ शकतं. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

आणि “मुलगी बघेलच” हे तिला विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. पैसे बघणं आणि घरी ठेवून सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला हो म्हणणारी बहीण दुसऱ्याला हो म्हणेलच असं नाही, आणि त्यात तिची चूकही नाही. जावयांसमोर बसून बोला. एका वहीत लिहा: औषधं आणि मात्रा, फिट येतात का, काय खात नाही, कशाला घाबरतो, चिडला तर कसा शांत होतो, डॉक्टर कोण. निवासी संस्थेचा विचार असेल तर आजच्या महिना २०,००० खर्चाचे ६ टक्के महागाईने १२ वर्षांत ४०,००० होतात. आई-वडील गेल्यावर थेट अनोळखी ठिकाणी नेलेला माणूस जेवण, झोप सगळं सोडू शकतो. म्हणून यंदाच एखाद्या संस्थेत त्याला आठवडाभर राहायला पाठवून बघा, तुम्ही फोनवर असताना.