महादूतांची नावे तीनच

बायबलमधला महादूत (प्रमुख देवदूत) मीखाएल आणि मायकल एकच का?
एकच. गोव्यातला मिगेलही तोच.

नावाचा अर्थ ‘देवासारखा’ ना?
नाही. हिब्रूत तो प्रश्न आहे : मी-खा-एल, ‘देवासारखा कोण?’ उत्तर, कोणीच नाही. बाप्तिस्म्याच्या कार्डावर ‘देवासारखा’ छापलेत तर अर्थ नेमका उलटा होतो. छापण्याआधी धर्मगुरूंना दाखवा.

जगाच्या अंताची शेवटची तुतारी गब्रीएल फुंकणार का?
बायबल तसे कुठेही म्हणत नाही. ‘आद्यदेवदूत’, म्हणजे महादूत, हा शब्दही त्यात दोनदाच येतो (१ थेस्सलनीकाकरांस ४:१६, यहूदा ९) आणि त्या शब्दासोबत नाव येते ते फक्त मीखाएलचे. गब्रीएलला महादूत म्हणते ती परंपरा.

रफाएल आमच्या बायबलमध्ये सापडत नाही.
तुमचे बायबल प्रॉटेस्टंटांचे, ६६ पुस्तकांचे असेल. तो तोबितच्या पुस्तकात आहे. ते कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत येते.

एका शिबिरात सात महादूतांची नावे, रंग, मेणबत्त्या आणि लॉकेट देतात. शुल्क घेऊन आपल्या रक्षकदूताचे नावही सांगतात. भरावे का?
एक रुपयाही भरू नका. सात दूतांचा उल्लेख तोबित १२:१५ मध्ये आहे, हे खरे. पण तिथे रफाएल स्वतःचेच नाव सांगतो, उरलेल्या सहांची नाही. उरीएल येतो हनोखाच्या पुस्तकातून, आणि ते कॅथलिक बायबलमध्ये नाही. हा घोळ आजचा नव्हे. इ. स. ७४५ मध्ये पोप झकारियास यांच्या काळी रोमच्या धर्मसभेपुढे आठ दूतांना हाका मारणारी एक प्रार्थना आली. त्यांतला मीखाएल तेवढा सभेने मानला आणि बजावले की नावे तीनच : मीखाएल, गब्रीएल, रफाएल. २००१ साली व्हॅटिकनच्या लोकभक्तीविषयक मार्गदर्शिकेने याखेरीज देवदूतांना नावे देऊ नयेत असे पुन्हा सांगितले. कारण साधे आहे. नाव कळले की दूत आपल्या हुकमात येतो, हा हिशेब मांत्रिकाचा. दूत जातो तो पाठवणाऱ्याच्या शब्दावर. बायबलच्या प्रकटीकरण २२ मध्ये योहान दूताच्या पाया पडायला जातो, तेव्हा दूतच त्याला अडवतो आणि देवाला नमन कर म्हणतो. रक्षकदूताची प्रार्थना जरूर करा, तिला नाव लागत नाही. लॉकेट आधीच घेतले असेल तर ते घेऊन फादरांना भेटा.

आईला धूसर दिसते. आधी रफाएलची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि मग डॉक्टर, असे चालेल का?
चालणार नाही. रफाएल म्हणजे ‘देव बरे करतो’, आणि तोबितच्या कथेत तोसुद्धा डोळ्यांना औषधच लावायला सांगतो : माशाचे पित्त. ते घरी करून पाहू नका. काही नेत्रविकारांत नऊ दिवसांचा उशीरही दृष्टी घालवतो. आजच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नोव्हेना दवाखान्यात नंबर येईपर्यंतही म्हणता येते.