१/१७ चा तो १६ आकडी नंबर बरोबरच आहे, गडबड स्प्रेडशीटची आहे

तुम्ही मुलाच्या चार्टसाठी विचारलंय की १/१७ च्या दशांशात पुन्हापुन्हा येणारे १६ आकडे म्हणजे ०५८८२३५२९४११७६४७, त्याला १ ते १६ पैकी कशानेही गुणलं तरी तेच आकडे फिरून यायला हवेत, पण स्प्रेडशीटमध्ये २ ने गुणल्यावर शेवटी ४ च्या जागी ० येतोय, मग नंबरच चुकलाय का? नाही हो. वाचलं आणि पुतणीच्या गणित प्रदर्शनाचे ते दिवस आठवले, सेम लफडं.

स्प्रेडशीट पहिले १५ आकडेच नीट धरते, सोळाव्याचा शून्य करून टाकते. खरं उत्तर ११७६४७०५८८२३५२९४, शीट दाखवते ११७६४७०५८८२३५२९०. १७ ने गुणलं तर सोळा वेळा ९ यायला पाहिजेत, तिथे ती सरळ १ वर सोळा शून्यं देते. सेल टेक्स्ट केला तरी गुणाकार करताना ती परत आकडाच करते, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका.

पण आम्हाला खरा फटका सुरुवातीच्या शून्याने दिला. प्रदर्शनाच्या ऑफिसने माहितीपुस्तिकेत नंबर टाईप केला आणि पहिला ० उडाला, छापले १५च आकडे. मी दोनदा जाऊन सांगितलं, तर उत्तर काय, डावीकडच्या शून्याला किंमत नसते, तुम्ही उगाच वाद घालताय. अहो इथे त्या शून्यावरच सगळं उभंय! तो काढला की १५ आकड्यांत ० कुठेच नाही, आणि दुपटीत मात्र ० आहे. परीक्षकांनी पुस्तिका बघून नेमकं हेच विचारलं, हा शून्य आला कुठून, आणि पोरगी गप्प झाली. चार्टवर तिने सोळाच्या सोळा ओळी हाताने गुणून लिहिल्या होत्या, सगळ्या बरोबर होत्या, त्या कोणी वाचल्याच नाहीत. अजून राग येतो मला.

म्हणून माझं मत (मी गणिताचा प्राध्यापक नाही, हौशी माणूस आहे): गुणाकार दाखवू नका, भागाकार दाखवा. १ ला १७ ने भागत जा, बाक्या येतात १, १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२ आणि परत १. १ ते १६ मधली एकही सुटत नाही. दहा आकडे लिहून झाले की बाकी २ उरते, म्हणून २/१७ अकराव्या आकड्यापासून सुरू होतो, १ १ ७ ६ ४ ७ आणि मग ० ५ ८ ८... इथे तो ० कुठून आला हे मुलाला स्वतःला दिसतं, कोणी विचारलं तरी अडणार नाही.

अजून एक गंमत चार्टवर टाकाच, अर्धे करून बेरीज: ०५८८२३५२ + ९४११७६४७ = ९९९९९९९९. चार तुकडे केले तर ०५८८ + २३५२ + ९४११ + ७६४७ = १९९९८, म्हणजे ९९९९ ची दुप्पट.

कोणी १/१३ घ्या म्हणालं तर नको, त्याचं चक्र ०७६९२३ एवढ्या सहाच आकड्यांत संपतं. १/१९ चालेल, १८ आकडी आहे, आणि तो उजवीकडून १ पासून दुप्पट करत हातचे धरत लिहिता येतो: १, २, ४, ८, मग १६ चा ६ हातचा १, मग १३ चा ३... ही युक्ती १७ ला लावू नका, जमत नाही. अशा पूर्ण चक्राच्या (१७ चं १६ आकडी, १९ चं १८ आकडी, म्हणजे एकने कमी) मूळ संख्या अनंत आहेत, हे गणितज्ञ एमिल आर्टिनने १९२७ मध्ये मांडलेलं अनुमान अजून सिद्ध झालेलं नाही, हे मुलाने सांगितलं तर छान वाटेल.

कॉम्प्युटरवरच पडताळायचं असेल तर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा, पूर्ण आकडे देतो, फक्त सुरुवातीचा ० न लिहिता नंबर द्या आणि उत्तर १६ आकड्यांचं करून छापा. आणि ऑफिसला नंबर देताना टाईप करून देऊ नका, फोटो द्या.