वाळूत ट्रक रुततो तेव्हा आधी हवा तपासा

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. सिम्पसन वाळवंट ओलांडण्यासाठी १२ टनांचा फोर बाय फोर ट्रक तयार करून घेतला आहे. टायर १४.०० आर २०, ट्यूबचे, मागेही प्रत्येक बाजूला एकच चाक. सरावासाठी वाळूत नेला, तर पहिल्याच चढावर रुतला. टायरमध्ये ६० पीएसआय हवा होती. इंजिनाची ताकद वाढवून घ्यावी का?

उत्तर: इंजिनाला हात लावू नका. ६० पीएसआय ही खडीच्या रस्त्याची हवा झाली. हवा कमी केली की टायर रुंदीत थोडाच पसरतो, लांबीत मात्र बराच. तेच वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक स्वतःपुढे वाळूचा बांध रचत नाही. अशा बांधापुढे वाढीव ताकद फक्त खड्डा खोल करते.

पाणी, डिझेल, सामान भरून ट्रक काट्यावर न्या आणि दोन्ही अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. त्या वजनाला वाळूत किती हवा चालते, ते टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतं. तुमच्या वजनाला ३०-३५ पीएसआयपासून सुरुवात करता येईल. एवढ्या हवेवर वेग ताशी २० किलोमीटरच्या आतच ठेवा, नाहीतर टायरची बाजू सतत दुमडून तापते. ट्यूबच्या टायरला आणखी एक धोका असतो. टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व मुळातून फाटतो. टायर आणि रिम यांवर मिळून खडूची एक रेघ मारा. ती तुटलेली दिसली तर हवा थोडी वाढवा.

डिफ लॉक (चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारी यंत्रणा) वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशीच लावा: आधी पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला, मग मागचा. चाक फिरत असताना लॉक टाकलात तर त्याचे दात तुटू शकतात. पुढचा लॉक लावल्यावर स्टिअरिंग जड होतं, तो सरळ चढापुरताच. टेकडी चढा-उतरायची ती सरळच. उंच बॉडीचा ट्रक उतारावर आडवा झाला की कलंडायला वेळ लागत नाही.

चाक जागच्या जागी फिरू लागताच पाय काढा. आपल्याच चाकोरीतून मागे या, आणखी ५ पीएसआय सोडा, पुन्हा जा. अ‍ॅक्सल वाळूला टेकला असेल तर आधी फावडं, मग चाकाखाली घालायच्या पट्ट्या; उलट क्रमाने केलं तर पट्ट्याच गाडल्या जातात.

प्रश्न: कोणत्या बाजूने जावं? डिझेल किती घ्यावं?

उत्तर: पश्चिमेकडून पूर्वेकडे, माउंट डेअरहून बर्ड्सव्हिलला. तिथल्या सुमारे १,१०० टेकड्यांची पूर्वेची बाजू जास्त उभी आहे, म्हणून असं गेल्यास चढ सौम्य बाजूने मिळतात. वाटेतल्या सुमारे ५०० किलोमीटरमध्ये पंप नाही आणि वाळूत खप रस्त्याच्या दुप्पट होऊ शकतो. हिशोब दुपटीनेच करा, वर राखीव साठा वेगळा. १ डिसेंबर ते १५ मार्च वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान बंद असतं. गाडीवर लावायचा झेंडा जमिनीपासून किमान ३.५ मीटर उंच लागतो. तुमची बॉडीच तेवढी उंच असेल, तर तो छताच्या बराच वर बांधा. टेकडीपलीकडच्या गाडीला आधी तोच दिसतो.

बर्ड्सव्हिलला पोचल्यावर ब्रेकच्या कॉम्प्रेसरनेच हवा भरता येते. एका टायरला पाच-दहा मिनिटं सहज लागतात. नंतर ब्रेकच्या हवेच्या टाकीचा काटा पूर्ण वर आल्याशिवाय ट्रक हलवू नका.