आत्याच्या सहीविषयी

चिरंजीवास सप्रेम सलाम.

तुझा मेसेज मिळाला. मोबाइलवर एवढं मोठं वाचवत नाही, म्हणून मुलीकडून त्याची प्रिंट काढून घेतली आणि सावकाश वाचली. तारणाची, म्हणजे देवाने आपल्याला पापातून सोडवलंय याची, खात्री कशी होते, दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे मंडळीसमोर (चर्चमध्ये) स्वतः विश्वास कबूल करताना, दिलेलं वचन मनापासून होतं का, उपासनेत बाकीच्यांचे डोळे भरून येतात आणि आपल्याला काहीच का होत नाही, यूट्यूबवरचे एक पाळक (पास्टर) म्हणतात एकदा तारण झालं ते कायमचं, दुसरे म्हणतात पाप केलंस की गेलं, मग खरं कोणाचं? एवढं सगळं लिहिलंस. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस: 'शिवाय खोलीच्या कागदांवर आत्याची सही घ्यायची आहे, तेही टेन्शन आहेच.'

मला विचारशील तर सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

बाबांशी माझं बोलणं झालं, त्यामुळे प्रकरण थोडंफार ठाऊक आहे. भायखळ्याची तुमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याची पावती अजून आजोबांच्या नावाने फाटते. पुढे कोणा वारसाची हरकत नको, म्हणून आत्याकडून ना-हरकत लिहून घ्यायची आहे. मसुदा इंग्रजीत, आणि आत्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिला कल्याणहून बोलवायचं, किल्ला कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या नोटरीसमोर उभं करायचं, 'इथे, इथे आणि मागच्या पानावर' असं बोट दाखवायचं, मग चहा-खारी खाऊ घालून गाडीत बसवून द्यायचं. बोट दाखवायचं काम तुझ्याकडे आलंय, कारण आत्याचा तुझ्यावर जीव आहे. नव्या जागेची किंमत काय होणार हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

कायद्याने बाबांची बाजू अगदी लंगडी आहे असं नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला की त्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो. आजोबा गेले तेव्हा त्या खोलीत तुम्ही होता, आत्या लग्न होऊन कल्याणला गेलेली. दुसरीकडे, आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू होणाऱ्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेदच नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर दोघांना सारखं. पागडीच्या खोलीला यातलं काय लागू होतं ते वकिलाला विचार. मी निवृत्त कारकून, त्यात पडत नाही. एवढं मात्र कारकुनालाही कळतं की आत्याचा काडीचाही हक्क नसता, तर तिच्या सहीसाठी एवढी धावपळ कोणी केली नसती.

आता तुझा मोठा प्रश्न. बायबलमध्ये फिलिप्पै गावच्या विश्वासणाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या. हे वाचून तुला घाम फुटला, म्हणजे अजून मिळायचंच आहे की काय! वाक्य तिथे संपत नाही. लगेच पुढे तो म्हणतो, कारण इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. भीती आहे ती याची. तारण हातून निसटेल म्हणून कापायचं नाही. देव आपल्या आत काम करत असताना आपण त्याच्या आड येत तर नाही ना, म्हणून कापायचं.

तू लिहितोस, 'मला आत काहीच होत नाही.' अरे, टेन्शन होतंय ना? खोली मोठी होणार, तुझ्या लग्नाचा प्रश्न सुटणार, बाबा खूश, बिल्डर खूश, कायदाही निम्मा तुमच्या बाजूने. मग उपासनेत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी आपण डोळे मिटून बसतो तेव्हा आत्याच का आठवावी? तुझ्या ऑफिसातल्या कोणालाही विचार, तो म्हणेल सही घे आणि मोकळा हो. तुला मोकळं होता येत नाही. देव इच्छा निर्माण करतो म्हणजे काय, याचा याहून धडधडीत पुरावा तुला आणखी कोणता हवा आहे? डोळे भरून येणाऱ्यांना नावं ठेवत नाही. माझेही येतात, हल्ली तर जरा जास्तच, आणि त्यातलं निम्मं वयाचं असतं. पण खात्री शोधायला तू ज्या दिशेला बघतोयस तिथे ती आलेली नाही. ती दुसऱ्या दाराने आली आणि तू तिला टेन्शन म्हणून बाहेर उभी केलीस.

पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्या मारून फिलिप्पै गावातल्याच ज्या तुरुंगात टाकलं, त्या तुरुंगाच्या नायकाची गोष्ट तुला पाठ आहे. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सोळावा अध्याय. तारण व्हावं म्हणून काय करू, असं त्याने विचारलं आणि उत्तर मिळालं की प्रभू येशूवर विश्वास ठेव. संडे स्कूलमध्ये आपण इथेच थांबतो आणि पुढचं वचन भराभर वाचून टाकतो. त्याच रात्री, त्याच घटकेला, त्याने पौल आणि सीला यांना नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, जेवण त्याहून नंतर. छड्यांचे वळ संध्याकाळीही होतेच. त्यांचे पाय खोड्यात अडकवताना त्याने ते पाहिले नसतील असं नाही. तेव्हा ती त्याची भानगड नव्हती. विश्वास ठेवल्यावर पहिला फरक पडला तो या नजरेत. अमुक कर म्हणजे तारण होईल, अशी यादी पौलाने त्याला दिली नव्हती. जखमा धुवायलाही सांगितलं नव्हतं. सुवार्ता मानणं म्हणतात ते हेच. आधी ती कानांनी ऐकायची, आणि मग जे अगदी समोर आहे, जे आजवर आपलं नव्हतं, त्याला हात घालायचा.

जक्कयाचंही तसंच. तोही पैशाच्या व्यवहारातला माणूस, म्हणून तुझ्या कामाचा. उंबरावर चढलेल्या त्या जकातदाराला प्रभू आधी म्हणाला की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. हिशेब चुकता कर, मग येतो, असं म्हणाला नाही. प्रभू घरी यायचं ठरल्यावर मग जक्कयाची जीभ सुटली: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. यरीहोत त्या दिवशी किती जणांनी आपापल्या जुन्या पावत्या शोधल्या असतील, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात नेहमी येतो. हा क्रम लक्षात ठेव. तो उलटा केलास की तू प्रभूला घरात घ्यायचं भाडं भरायला लागशील, आणि ते भाडं आजवर कोणाला परवडलेलं नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच बजावतो. आत्याला खरं सांगितलं की मनाला शांती मिळेल, खात्री होईल, अशा आशेने हे करू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या मुंबईत, चौपाटीला, शारदा सदन सुरू केलं. विधवा मुलींना शिकवणं म्हणजे त्या काळी दोन्हीकडून बोलणी खाणं. एवढं करणारी बाई पुढे आपल्या साक्षीत सांगते की बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ती शांती साधारण आठ वर्षांनी आली, आणि आली ती कृपेवर भरवसा टाकल्यावर. कामामुळे आली असं त्या कुठेही म्हणत नाहीत. पण खात्री येईपर्यंत हात बांधून बसल्या नाहीत, आणि आल्यावर थांबल्याही नाहीत. १८९६ चा दुष्काळ पडल्यावर त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी 'मुक्ती' हा आश्रम उभा राहिला. आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये रमाबाईंचं नाव घेतलं जातं ते सहसा मोठं काम म्हणून. मला त्या आठ वर्षांचं जास्त अप्रूप आहे.

यूट्यूबवरच्या दोन पाळकांचा निकाल लावायला सांगितलास, तो मी लावत नाही. दोघांकडे वचनं आहेत आणि दोघांनाही वेळ आहे. तुझी सकाळची लोकल बघता तुझ्याकडे तो नाही.

खरी अडचण बाबांची आहे, हे मला कळतं. खोली तुझी नाही, निर्णयही तुझा नाही. आईबापाचा मान राख ही आज्ञा तू आपल्या मेसेजमध्ये बरोबर आठवून लिहिलीस. थोडी सोयीनेच आठवलीस, असं म्हटलं तर रागावू नकोस. मान राखायचाच. म्हणून त्यांच्या पाठीमागे आत्याला फोन करून 'सही करू नकोस' असं सांगायचं नाही. तसं केलंस तर भावा-बहिणीत कायमचं फाटेल आणि तू मात्र स्वतःला नीतिमान समजत बसशील. आधी बाबांशी बोल. टीव्हीवर क्रिकेट चालू असताना नको, आणि आईसमोर बोल. त्यांना सांग की कागद मी आत्याला मराठीत वाचून दाखवणार, जागेची किंमत सांगणार, आणि मगच नोटरीकडे नेणार. नाहीतर दुसऱ्या कोणालातरी पाठवा, बोट दाखवायला मी जाणार नाही. एवढंच तुझ्या हातात आहे आणि तेवढंच तुझ्याकडे मागितलं आहे. तिला किती द्यायचं, पैशाने द्यायचं की आणखी कसं, हे तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. जक्कयाला अर्ध्याचा आकडा कोणी सांगितला नव्हता.

बाबा चिडतील. 'मंडळीत जाऊन हेच शिकलास का?' असं म्हणतील. हो म्हण. त्यांना आणखी एक आठवण देता आली तर बघ, पण टोमणा वाटता कामा नये: आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा कल्याणहून दिवसाआड डबा घेऊन येणारी आत्याच होती. जिन्यात तिची माझी गाठ पडायची. एका हातात डबा, दुसऱ्या हातात धुऊन आणलेल्या चादरींची पिशवी, आणि त्या अंधाऱ्या जिन्यातही ती आधी मला सलाम करायची. त्या वेळी खोली कोणाच्या नावाची आहे, असं तिला कोणी विचारलं नाही.

आणि हे सगळं कुरकुर न करता करायचं, असं पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या त्याच पत्रात पुढे लिहिलंय. मला विचारशील तर अख्ख्या पत्रात मुंबईकराला अवघड जाणारी आज्ञा तीच. लोकलच्या दारात लटकून आपण आणखी करतो काय? घरात मात्र तू हे तोंड वाकडं करून केलंस, मी किती त्याग केला हे सगळ्यांना ऐकवत राहिलास, तर आत्यालाही ते घेववणार नाही.

येत्या रविवारी उपासना सुटल्यावर मसुद्याची झेरॉक्स घेऊन ये. आपल्या मंडळीत वकिली करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी सांगून ठेवलंय. त्या मराठीत करून देतील आणि पैसे घेणार नाहीत. कल्याणला जाताना आईला बरोबर ने. नणंद-भावजयीचं बरं आहे, आणि आईसमोर तुझी जीभ आखडणार नाही. कागद तिला सगळा वाचून दाखव, आकडासुद्धा. रागावली तर ऐकून घे. तिला रागवायला कारण आहे. आणि 'मला काही नको रे बाळा, आण इकडे, कुठे करायची सही?' असं म्हणाली, आणि ती म्हणेलच, कारण आपल्याकडच्या बहिणी भावाचं मन राखायला असं म्हणतातच, तर खिशातलं पेन बाहेर काढू नकोस. कागद तिच्याकडे ठेव, जावयाला दाखवायला सांग, आणि आठ दिवसांनी पुन्हा जा.

प्रभूमध्ये तुझा,
काका