एक पाय कापल्यावरही फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट खरंच स्टेजवर काम करायची का?

हो, करायची, आणि तेही शेवटपर्यंत. फेब्रुवारी 1915 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरात तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला, तेव्हा वय सत्तर, आणि त्याच वर्षी ती पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सैनिकांसमोर कार्यक्रम करायला आघाडीजवळ गेली, मग 1916 ला अमेरिकेचा मोठा दौरा. लाकडी पाय तिला काही रुचला नाही, खुर्चीत बसवून माणसं उचलून न्यायची. हे जमलं कारण तिचं मुख्य भांडवल आवाज होता, शिवाय पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचं थिएटर होतं म्हणजे काय करायचं ते तीच ठरवणार. पण एक लक्षात घ्या, 1899 ला तिने पुरुषवेषात हॅम्लेट केला तसली धावपळ, तलवारबाजी नंतर नव्हती, बसून किंवा पडून करता येतील असेच रोल, सुटे प्रवेश नाहीतर कविता. 1920 च्या 'दानिएल' नाटकात तर ती चक्क तरुण पुरुष झाली होती, पंचाहत्तरी ओलांडल्यावर! मार्च 1923 मध्ये गेली, तेव्हा एका सिनेमाचं शूटिंग तिच्या घरीच चालू होतं. ब्राझीलमध्ये 'तोस्का' नाटकात उडी मारली म्हणून पाय गेला हे अर्धंच खरं, गुडघा त्याआधीपासूनच दुखत होता.